आदर्श माता, घर नंबर वीस

६ जानेवारी, मंगळवार. दुपारी २

मंडळाची डायरी आली. गावच्या मंडळाची, मुंबई शाखा. बाबा, म्हणजे माझे सासरे, दरवर्षी दोन आणतात. एक त्यांना, एक किराणा लिहायला. यंदा किराण्याची मी घेतली. किराणा कॅलेंडरच्या मागे लिहा बोलली.

रोज लिहायचं ठरवलंय. लिहिलं की भीती जाते असं मोबाईलवर एक बाई सांगत होत्या. मला भीती वाटत नाही. पण लिहायला काय जातं.

निहार दहा महिन्यांचा होतोय. तब्येत एकदम झकास. कपाळाला डावीकडे थोडं टेंगूळ आहे. आपोआप आलंय.

७ जानेवारी, बुधवार

खोटंच लिहायचं तर डायरी कशाला.

निहार रविवारी पलंगावरून खाली आला. पडला असं नाही म्हणता येणार. उतरला. जरा घाईत उतरला.

मी फोनवर होती. फोन मीराचा, माझ्या बहिणीचा, गावावरून. लग्नाच्या ब्लाऊजचा गळा पानाचा ठेवायचा की मटका. टेलर समोर उभा होता, म्हणजे अर्जंटच होतं. माझी पाठ होती दोन मिनिटं. दोन पण नसतील. सासूबाई मोरीत कपडे घासत होत्या, नळ चालू, त्यांना काही ऐकू गेलं नाही. बाबा खाली. सर्वेश, माझा नवरा, कामावर, अंधेरीला एसी बसवायला. म्हणजे कोणालाच माहीत नाही.

पाणी लावलं, हळद लावली, टोपी घातली. मुंबईत जानेवारीत टोपी घातली तर कोण काय बोलणार.

कोणाला काय सांगितलंय ते लिहून ठेवते, नाहीतर गोंधळ होईल.
सासूबाई – खुळखुळा स्वतःच मारून घेतला.
सर्वेश – माझ्या बांगडीला आपटला.
समोरची निधी – मच्छर.
बाबा – विचारलंच नाही.

आजपासून निहार जागा असताना फोन घ्यायचा नाही.

८ जानेवारी, गुरुवार. सकाळी १०

निहार झोपला असताना फोन वाजला की तो उठतो. म्हणून तो जागा असतानाच घेतलेला बरा. नियम बदलला.

९ जानेवारी, शुक्रवार

निहार पंख्याकडे बघतो. आधी पण बघायचा. पण आता जास्त बघतो का? विचारलं, निहार, आई कुठाय? पंख्याकडे बोट केलं. मी उठून पंख्याखाली उभी राहिली. परत विचारलं. मग दाराकडे बोट केलं.

डॉक्टर मॅडमकडे नेलं तर त्या पहिला प्रश्न विचारणार, कसं लागलं. सासूबाई बरोबर असणारच. त्यांच्यासमोर खुळखुळा बोलायला लागणार, आणि डॉक्टर मॅडमना कळतं की खुळखुळ्याने एवढं येत नाही. म्हणून नेत नाही. गरजच नाही. दोन दिवसांत उतरेल.

चार वेळा श्वास बघितला. आहे.

१० जानेवारी, शनिवार. संध्याकाळी

आज जे झालं ते माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

घाटकोपरहून चंद्रप्रकाश काका आले. मंडळाचे सरचिटणीस. बरोबर फाईल. मी चहा ठेवायला गेली तर बोलले, सूनबाई, तू बस, विषय तुझाच आहे. वाटलं टेंगळाचं कोणी तिथपर्यंत पोहोचवलं.

तर मला पुरस्कार. मंडळाचं स्नेहसंमेलन बावीस फेब्रुवारीला आहे. सत्यनारायणाची पूजा, मग गुणगौरव. त्यात आमच्या घराला एक पुरस्कार यायचाय. काका बोलले, यंदा तुमच्या घराची पाळी. म्हणजे इतकी वर्षं आमच्या घराकडे लक्ष गेलं नव्हतं, आता गेलं.

सासूबाई बोलल्या, "ह्यांका गावलो, माका गावलो. आता हीच रवली."

काकांनी फाईल उघडून विचारलं, आदर्श सून देऊ की आदर्श माता. दोन्ही मोकळे आहेत. मी खाली बघत बसली. आपल्या तोंडाने कसं बोलायचं.

सासूबाईंनी एका मिनिटात निकाल लावला. "सून नको. माता देवा."

मला रडायलाच आलं. सून काय, कोणी पण असतं. माता मोठी. माझ्यात त्यांना तेच दिसलं असणार. तोंडावर त्या कधी बोलत नाहीत.

आता एकदा आदर्श माता झाली की त्या रविवारचं कोण काय काढणार? मंडळाने चौकशी केल्याशिवाय थोडंच दिलं असेल.

११ जानेवारी, रविवार

पुरस्काराचा उपयोग काय, हे बाबांना विचारलं. ते १९९६ पासून समाजभूषण आहेत. दारावरच्या पाटीवर आहे, लेटरहेडवर आहे. परवा दूधवाल्याला 'दोन दिवस दूध नको' लिहिलं, त्याच्याखाली पण समाजभूषण श्यामकांत.

बाबा बोलले, "शहाण्णवपासून मी एकाही रिक्षावाल्याशी भांडलो नाही. तोंडात शिवी येते, मग आठवतं. समाजभूषण माणसाने शिवी द्यायची कशी?"

म्हणजे पदवी मिळाली की माणूस आपोआप तसा होतो. मलाही तेच पाहिजे. आत्ता मी सारखं बघत बसते, पलंग, कपाट, प्लग, निहारचा श्वास. आदर्श झाली की न बघताच कळायला लागेल.

सासूबाईंना विचारलं. त्यांना २०११ ला आदर्श माता मिळाला. त्या बोलल्या, "माका काय फरक पडूक नाय. शाल गावली तेवढी."

स्वभाव आहे एकेकाचा.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७

निहारचं बोरन्हाण. हलव्याचे दागिने घातले, काळं झबलं. बिल्डिंगमधली बारा पोरं.

सगळं प्लॅन केलं होतं. बोरं डोक्यावर लागतात. टेंगूळ उतरलंय तरी डोकं ते डोकं. म्हणून सकाळीच बोरं काढून वरच्या डब्यात लपवली. उसाचे तुकडे काढले. भुईमुगाच्या शेंगा काढल्या, टोक असतं. तिळाच्या वड्या काढल्या. चुरमुरे राहिले. आदर्श माता अशीच असते, आधीच विचार करते.

निधीचा अनय निहारएवढाच. त्याच्या बोरन्हाणाला तिने चॉकलेटं, बिस्किटं, बोरं सगळं टाकलं आणि तो हसत होता. निधी ऑफिसला जाते, तिला कुठे एवढं कळतं.

सासूबाई माप भरून डोक्यावर ओतायला लागल्या तेव्हा मी वरून हात धरला. छत्रीसारखा. सगळे चुरमुरे माझ्या हातावरून सोफ्यावर. बायका हसल्या. पोरं बोलली, काकी, बोरं कुठायत? एक तर रडलं.

मग निहारने एक चुरमुरा उचलून नाकात घातला.

मी किंचाळली. बारा पोरं गप्प. सासूबाईंनी त्याची दुसरी नाकपुडी दाबली, तो शिंकला, चुरमुरा बाहेर. त्यांनी तो झाडूने लोटला आणि डब्यातली बोरं काढून वाटायला घेतली. डबा त्यांना कसा सापडला देव जाणे.

पुढच्या वेळी चुरमुरे पण काढायचे.

२४ जानेवारी, शनिवार

पुरस्काराचा फॉर्म आला. नाव, गावचं घर नंबर (वीस), शिक्षण, कार्याची माहिती दहा ओळी.

शिक्षण आठवी. मी 'आठवी' लिहून पुढे 'पूर्ण' लिहिलं. बरं दिसतं.

कार्याची माहिती. दीड तास बसली. एक: निहारला वाढवते. दोन: अजून वाढवते. पुढे सुचेना. बाबा बोलले, तू त्रास घेऊ नकोस, मानपत्र मीच लिहितो. दर वर्षी मीच लिहितो तिघांची. आपल्याकडे मसुदा तयार असतो.

चंद्रप्रकाश काका फॉर्म न्यायला आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना एक पिशवी दिली. काय होतं कळलं नाही. पूजेला काहीतरी दिलं असेल.

२९ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०

निहार अजून उठला नाही. रोज सहाला उठतो.

६.२० – हलवलं. उठला. रडला. आता तासभर रडणार. पण उठला ना.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पलंगाभोवती उशांची भिंत केली. सात उशा. सर्वेश बोलला, मी कुठे झोपू? आज त्याला खाली झोपवलं. तो म्हणतो, तू पोराला कोणाच्या हातात देत नाहीस, कमरेवरून उतरवत नाहीस, तुझी कंबर मोडेल. परवा बाबा निहारला खाली बागेत नेतो बोलले तर मी नको बोलली, बाहेर कबुतरं आहेत.

महिना झाला मी त्याला कोणाकडे दिलेलं नाही. हे मानपत्रात घालायला सांगायचं.

संध्याकाळी निहारने एक उशी ढकलली, तिच्यावर चढला आणि भिंतीवरून खाली बघायला लागला. म्हणजे उशांमुळे तो आता आधीपेक्षा वर पोहोचतो. भिंत काढली.

९ फेब्रुवारी, सोमवार

भाषण लिहितेय. दोन मिनिटं बोलायला मिळणार.

पहिला मसुदा: सर्व मान्यवर, माझे सासू-सासरे आणि बंधू-भगिनींनो. इथपर्यंत चांगलं झालं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी

मानपत्र वाचलं. बाबांनी वाचायला दिलं, सुंदर अक्षर, वळणदार.

'अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत, स्वतः अर्धपोटी राहून, तिन्ही अपत्यांना पदवीधर करणाऱ्या…'

मी बोलली, बाबा, निहार एकटाच आहे. आणि अजून त्याला दात पण चारच आलेत. बाबा चष्मा काढून बोलले, मानपत्राची एक भाषा असते, त्यात आकडे कोणी बघत नाही. मग मी कपाटातून सासूबाईंचं २०११ चं काढलं. शब्दाला शब्द तेच. तेव्हा सर्वेश आठवीत होता. पुढे पण तो आयटीआयच झाला. म्हणजे पदवीधर तेव्हा पण कोणी नव्हतं.

त्याचं काही नाही. पण शेवटची ओळ:

'मुलांना क्षणभरही नजरेआड होऊ न देणाऱ्या या माउलीस…'

ही ओळ काढा बोलली. लांब होतंय मानपत्र, म्हणून. बाबा बोलले, अगं, तोच तर त्याचा प्राण आहे. त्या ओळीलाच टाळ्या पडतात. तीस वर्षं पडतायत.

जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरवलं. स्टेजवर खरं सांगून टाकायचं. माझा मुलगा पलंगावरून उतरला तेव्हा मी फोनवर होते, दोन मिनिटं. तरी पण तुम्ही मला हा सन्मान दिलात. असं. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. सासूबाई उठून जवळ घेतील. पुरस्कार परत पण देईन वाटलं तर. मग ते परत घेणार नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

नाही सांगायचं. सर्वेशला बांगडी सांगितलंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३

या डायरीची मागची पानं आज पहिल्यांदा बघितली. 'मंडळाचे सन्मानित'. वर्ष, नाव, घर नंबर.

२०२४ – घर १३, १४, १५.
२०२५ – घर १६, १७, १८.

मागे मागे गेली. सगळं असंच. गावात पंचेचाळीस घरं, वर्षाला तीन. २०११ ला घर वीस, सासूबाई. १९९६ ला घर वीस, बाबा. एकोणीस नंबरवाल्यांना यंदा युवारत्न. त्यांच्या घरात युवा एकच, तो गोवंडीला मामाकडे असतो आणि मामाचं पण ऐकत नाही.

दीड महिना मी याच डायरीत लिहितेय आणि यादी मागेच होती.

म्हणजे आमच्या घराची पाळी म्हणजे पाळीच. आरतीच्या ताटासारखी.

दुपारी ४

विचार केला. पाळी असली तरी घरात माणसं चार. बाबा, सासूबाई झाले. सर्वेश होता ना. त्याला का नाही दिला? म्हणजे आमच्या दोघांतून मला निवडलं. निवड झालीच की.

४.३०

सर्वेशला फोन केला. तो बोलला, मला विचारलं होतं काकांनी डिसेंबरमध्ये. मी सांगितलं रविवारी माझी सर्व्हिसिंग असते, दिशाला द्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

साडी काढली. मोरपिशी. भाषण सहावं फायनल केलं. त्यात पलंग नाही, फोन नाही, सगळ्यांचे आभार आहेत. पाठ झालंय. आरशासमोर निहारला कमरेवर घेऊन चार वेळा म्हटलं. चारही वेळा त्याने तोंडात बोट घातलं. माझ्या तोंडात.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६

झालं. घाटकोपरच्या शाळेचा हॉल. दोनशे माणसं, प्रसादाचा शिरा, मागे बॅनर. बॅनरवर माझा फोटो लग्नातला, मुंडावळ्यांसकट. दुसरा नव्हता म्हणे.

नाव पुकारलं. निहारला घेऊनच उठली. चंद्रप्रकाश काका माईकवरून बोलले, बाळाला आजीकडे द्या, शाल-श्रीफळ घ्यायला दोन्ही हात लागतील.

सात आठवड्यांत पहिल्यांदा दिला. सासूबाईंच्या हातात. माझे हात एकदम हलके झाले, बरं नाही वाटलं.

स्टेजवर गेली. मानपत्र वाचलं. तिन्ही अपत्यांना पदवीधर. कोणी हललं नाही. एक काकू मान डोलवत होत्या. मग ती ओळ आली, क्षणभरही नजरेआड. बाबा बोलले होते तशाच टाळ्या पडल्या. मी बघत होती निहारकडे. तो सासूबाईंच्या मांडीवर उभा राहून मागच्या बाईच्या गजऱ्याला ओढत होता, आणि सासूबाईंचा एकच हात त्याच्या कमरेला. एक. दुसऱ्या हातात शिऱ्याचा द्रोण.

तेवढ्यात काकांनी माईक माझ्या तोंडापुढे धरला. दोन शब्द बोल सूनबाई.

सहा मसुदे. एक पण नाही आला.

"आई, त्याला नीट धरा."

एवढंच बोलली. माईकवरून. सगळ्या हॉलमध्ये घुमलं.

मग चंद्रप्रकाश काका बोलले, वा, किती मोठा संदेश, आजच्या पिढीला सगळ्यांनी नीट धरलं पाहिजे. एवढ्या टाळ्या समाजभूषणाला पण पडल्या नसतील. अध्यक्षांनी स्वतः येऊन शाल घातली.

शालीला डांबराच्या गोळीचा वास. हा वास मला माहितीये. आमच्या कपाटाचा आहे. काठ बघितला, तीच, सासूबाईंची २०११ ची, कधी घडी न मोडलेली. ती पिशवी म्हणजे हीच. मंडळाचं असंच असतं म्हणे, नारळ मंडळाचा, शाल ज्याच्या त्याच्या घरची.

सन्मानचिन्ह मात्र नवीन. संगमरवरी पाया, वर पितळेची आई, कडेवर पितळेचं बाळ. हातात घेतलं तर खाली जाता जाता वाचलं. वजन निहारपेक्षा थोडंच कमी असेल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रात्री शांत झोपली. श्वास एकदाच बघितला. पुरस्काराचा फरक आहे.

सन्मानचिन्ह कुठे ठेवायचं यावर बोलणं झालं. शोकेसमध्ये बाबांची अकरा चिन्हं आणि एक घड्याळ, जागा नाही. मी हॉलमध्ये टीपॉयवर ठेवलं, खाली क्रोशाचा रुमाल, लोंबता. दारातून आलं की पहिलं तेच दिसतं. निधी दळणाची पिशवी द्यायला आली, तिला दिसलंच. वाचून बोलली, अरे वा. मी बोलली, काही नाही गं, मंडळाने निवड केली.

सासूबाई बोलल्या, "वर ठेव गो ता. माळ्यार."

वाईट वाटलं थोडं. त्यांचं माळ्यावर आहे म्हणून माझं पण माळ्यावर? असतं एकेकाला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११

निहार आता धरून उभा राहतो. सोफा धरून, माझा पाय धरून. चार पावलं पण टाकतो धरून. बघून इतकं बरं वाटतं. मी त्याला खाली ठेवायला लागलेय. आदर्श मातेने एवढं घाबरून कसं चालेल.

दुपारी १.३०

रिक्षात लिहितेय. अक्षर हलतंय.

निहारने क्रोशाचा रुमाल ओढला.

संध्याकाळी ६

लिहिते नीट.

मी तिथेच होती. फोन नव्हता हातात. भाजी निवडत होती, निहार समोर, चार हात अंतरावर. तो टीपॉयला धरून उभा राहिला, मी त्याच्याकडे बघून हसली, त्याने रुमाल धरला आणि बसला. रुमाल आला, मागून चिन्ह आलं. पूर्ण डोक्यावर नाही आलं, पितळेच्या बाईचं कोपर कपाळाला घासून गेलं, उजवीकडे, आणि संगमरवर फरशीवर. फरशीला खड्डा. निहार आधी गप्प. ते गप्प मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग रडला.

मी त्याला उचललं आणि तशीच धावली, पायात चपला दोन वेगळ्या. सासूबाई मागून पर्स आणि टोपरं घेऊन, डायरी पर्समध्येच होती. रिक्षावाल्याला बाबांनी वरून ओरडून सांगितलं, जरा लवकर ने रे भावा. शिवी नाही दिली.

डॉक्टर मॅडमनी टॉर्च डोळ्यांत टाकला, डोकं चाचपलं, हातपाय हलवून बघितले. निहारने त्यांचा स्टेथोस्कोप धरला. त्या बोलल्या, एवढा जोर आहे म्हणजे ठीक वाटतंय. काय लागलं?

मी बोलली, "पुरस्कार."

त्यांनी पेन थांबवलं. कसला?

"आदर्श मातेचा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई बोलल्या, खराच. खाली मारबल आसा. मॅडमनी केसपेपरवर काय लिहिलं मला दिसलं नाही, पण लिहिताना ओठ दाबून धरले होते.

मग तो प्रश्न आला. याआधी कधी पडलाय का?

खुळखुळा तोंडापर्यंत आला. सासूबाई बाजूलाच उभ्या. पण निहार माझ्या मांडीवर हुंदके देत होता, आणि मला वाटलं आधीचं काही आत राहिलं असेल आणि मी लपवलं तर?

"हो. चार जानेवारीला. पलंगावरून. मी फोनवर होती, दोन मिनिटं."

सासूबाई बोलल्या, "दोन नाय. माझी अर्धी बालदी कपडे धुवन झाले."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी मोरयेतच होतंय. धप्प करून आवाज इलो. आधी तू रडलंस, मगे तो."

मॅडम सगळं तपासून बोलल्या, काही नाही, दोन्ही वेळचं काही नाही. उलटी झाली, जास्त झोपाळला, तर लगेच आणा. एक दिवस लक्ष ठेवा. आणि घरात जड वस्तू उंचावर ठेवा. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खाली उतरताना मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर मला बोलला का नाहीत.

"घाबारलेल्याक आणखी कित्याक घाबरवूचा?" मग चार पायऱ्या उतरून बोलल्या, "तुझो घोव दोनदा पडलो. एकदा खाटयेवरना, एकदा माझ्या हातातना. त्याची भुवय बघलंस ना?"

भुवईवरची ती खूण. सर्वेश मला लग्नाआधीपासून सांगतो, क्रिकेट खेळताना लागली.

त्याला पण सासूबाईंनी एवढंच सांगितलेलं असणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उलटी नाही. झोप नेहमीची. पंख्याकडे बघतो. नेहमीसारखा.

सर्वेशला पलंगाचं सांगितलं. तो बोलला, मला वाटलंच, बांगड्या तू घालतेस कुठे?

बाबांनी सन्मानचिन्ह बघितलं. पितळेचं बाळ वाकलंय, आईच्या कडेवरून बाहेर आलंय. सर्वेशने फेविक्विक लावलं. उलटं लागलं, डोकं खाली. राहू दे बोलली. माळ्यावर कोण बघतंय. सासूबाईंच्या बाजूला ठेवलं. त्यांच्या चिन्हाचा एक हात आधीच तुटलेला आहे. विचारलं नाही.

बाबा पुढच्या वर्षीची मानपत्रं आत्ताच लिहायला बसलेत. घर बावीस, तेवीस, चोवीस. घर तेवीसला आदर्श माता आहे. मला विचारलं, काही सुचवायचंय का. मी बोलली, ती शेवटची ओळ जरा बघा. बाबा बोलले, बघतो. बघणार नाहीत.

२ मार्च, सोमवार. दुपारी २

पलंगाखाली जुनी गादी टाकली. सासूबाईंनीच काढून दिली, सर्वेशच्या वेळची आहे म्हणाल्या. पलंगाच्या लोखंडी कोपऱ्याला शाल गुंडाळून बांधली, सुतळीने. चांगली जाड आहे. पंधरा वर्षांत पहिल्यांदा वापरली.

२.४०

मीराचा फोन आला. गळा मटकाच केलाय आणि आता तो सैल होतोय. मी बोलली, निहार झोपला की करते. तो झोपला नाही. मी भात उपसायला उठली.

निहार पडला. पलंगावरून. गादीवर.